चिरेतली नीळ

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात जमीन दिवसातून दोनदा हलायची आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी पाचाला खाणीवर भोंगा व्हायचा. भोंगा झाला की बायका उतरंडीवर हात ठेवत, माझ्या वर्गातली मुलं दौतींवर हात ठेवत आणि मी खडू फळ्यावरून उचलून उभी राहत असे. मग पायाखालून एक धक्का जाई, पाठोपाठ आवाज येई, कौलांतून थोडी लाल धूळ गळे. मुलं हात काढत आणि मी वाक्य जिथे सोडलेलं असे तिथून पुढे नेई. पणजीहून एकदा शाळा तपासायला साहेब आले होते, ते तेवढे टेबलाखाली वाकले. मुलं त्यानंतर आठवडाभर हसत होती.

तो धक्का देणारा माणूस माझ्याच घरातला होता. माझे यजमान सावंतवाडीकडचे. खाणीवर ते सुरुंग लावायचं काम करत. माझं माहेर पेडण्याचं. गोवा मुक्त झाल्यावर गावोगावी मराठी शाळा निघाल्या, शिकलेल्या मुली हव्या होत्या, म्हणून मी रत्नागिरीला ट्रेनिंग करून मास्तरीण झाले होते. सुरुंगवाल्याला मास्तरीण द्यायची म्हटल्यावर आमच्या आत्याने नाक मुरडलं. वडील म्हणाले, माणूस निर्व्यसनी आहे आणि कमी बोलतो. दोन्ही खरं निघालं. दुसऱ्याचा मला पुढे फार त्रास झाला.

ह्यांनी खाणीवर सुरुवात केली ती डोक्यावर पाट्या वाहण्यापासून. मग भोकं पाडायच्या यंत्रावर, मग सुरुंगवाल्याच्या हाताखाली, आणि कितीतरी वर्षांनी स्वतःच्या नावाचा परवाना. तो परवाना आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या फोटोच्या वर ठेवलेला असे. खाली नाही, वर. मी एकदा त्यावरून चिडवलं तेव्हा हे म्हणाले, "फोटो फाटलो तर दुसरो काढूक येता." माणूस कमी बोलायचा, पण बोलला की असं काहीतरी बोलायचा.

आम्ही राहायचो काकींच्या घरात. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण, पन्नाशीच्या, विधवा, मूलबाळ नाही. घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं आणि मातीचं, वर कौलं. मागची खोली आमच्याकडे होती आणि चूलही तिथे मांडली होती, पण रात्रीचं जेवण काकींच्या मधल्या खोलीत, त्यांच्याबरोबर. हा त्यांचा कायदा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून टाकलं होतं की एकट्याने जेवणं आता त्यांच्याने होणार नाही, आणि मी करते त्या आमटीवर ह्यांचं पोट भरणंही शक्य नाही. ह्यांच्यावर त्यांचा भारी जीव. माशाचा मधला तुकडा कोणाच्या ताटात पडायचा ते विचारू नका.

चौथीच्या वर्गाला मी पृथ्वीचं अंतरंग शिकवत असे. पुस्तकात त्यावर मोजून चार-पाच ओळी होत्या, बाकी सगळा माझा उत्साह. एकदा रात्री जेवताना मी ह्यांना सांगत होते की वर कवच, त्याखाली जाड तापलेला खडक, त्याच्या आत वितळलेलं लोखंड आणि अगदी मधोमध पुन्हा घट्ट लोखंडाचाच गोळा. कोंब फुटलेला नारळ फोडला की पाण्यात तो गोड गोळा निघतो ना, ज्याच्यासाठी पोरं भांडतात, तसा.

"कोण उतरून बघून इलो?" ह्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मगे? आमची खाण दीडशे फूट. तितक्यात पाणी लागता. तू पोरांक चार हजार मैल खाली न्हेतस."

मला राग आला. मी भात बाजूला ठेवला आणि ट्रेनिंग कॉलेजात शिकलेलं सगळं बाहेर काढलं. कुठे मोठा भूकंप झाला की त्याचे हादरे पृथ्वीच्या पोटातून पार पलीकडे जातात. दोन जातींचे हादरे. एक पुढे ढकलत जाणारा, शिरगावच्या जत्रेत मागून रेटा आला की पुढच्या माणसापर्यंत पोचतो तसा. तो वेगाने धावतो. दुसरा आडवा हलवत जाणारा, दोर झटकल्यासारखा. तो मागून येतो, आणि पातळ पदार्थातून त्याला जाताच येत नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला यंत्रं लावून बसलेल्या लोकांना पहिला हादरा सापडतो, दुसरा सापडत नाही. याचा अर्थ वाटेत काहीतरी वितळलेलं आहे. असं एकेक करून, न उतरता, आतलं कळलं.

ह्यांनी घास चावून संपवला. "म्हणजे सब्बल आपटून बघूचा, तसाच," हे म्हणाले. मग सांगितलं की भोक पाडायच्या आधी ते लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, खडकावर आपटतात, आणि आवाजावरून, हाताला येणाऱ्या झिणझिण्यांवरून कळतं की आत खडक सलग आहे, पोकळ आहे, की पाणी आहे. जे समजायला मला ट्रेनिंग कॉलेजात वर्ष गेलं ते या माणसाने दोन घासांच्या मधे गिळलं होतं. मला इतकं बरं वाटलं की रागच आला.

काकी इतका वेळ ऐकत होत्या. आमच्या खाणीचं लोखंड मुरगाव बंदरात जायचं, म्हणून त्यांनी एकच शंका विचारली. "मदीं लोखंड आसा जाल्यार तो माल मुरगावां कसो व्हरतले?" ह्यावर हे मोठ्याने हसले. मी त्यांना इतकं हसताना क्वचित पाहिलं असेल.

त्या वर्षी चवथीला काकींनी घर रंगवलं. चवथीआधी भिंतींना चुना काढायचा हा आमच्याकडचा रिवाज, गणपती बसतो त्या भिंतीला तर काढायचाच. चुना पांढरा दिसावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालतात. काकींचा हात सैल. त्यांनी पुडीच रिकामी केली. मधली खोली अशी निळी झाली की गणपती आकाशात बसवल्यासारखा दिसत होता. येणारे-जाणारे आरतीआधी भिंतीकडे बघून घेत. मी म्हटलं, काकी, पुढच्या वर्षी ढगही काढा. त्यांनी माझ्या हातावर करंजी आपटली आणि बोलणं बंद केलं.

आणि मग डिसेंबरात, कोयनेला भूकंप झाला त्या पहाटे, आमचा गाव खरोखरच हलला.

मला जाग आली तेव्हा खोली डुलत होती. धक्का नव्हता तो, झुलणं होतं, होडीत बसल्यासारखं. जनेलाची झडपं आपटत होती, फळीवरची भांडी एकमेकांना लागून वाजत होती. हे चटईवर उठून बसलेले, दोन्ही तळपाय जमिनीला लावून. मी ओरडणार तेवढ्यात म्हणाले, "गप ऱ्हव. बघूक दी." मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदा भूकंप बघतेय आणि नवरा म्हणतो गप्प राहा.

हलणं थांबलं तसे हे म्हणाले, "ह्यो आमचो सुरुंग नाय. पयली बारीक थरथर इली, तुका जाग नाय इली. मगे पंचवीस मोजीपर्यंत काय नाय. आणि मगे ही." थोडं थांबून म्हणाले, "लांबचा असा. खूप लांबचा. थय काय उराक नसतला."

एवढ्यात दाराला थापा. दार उघडलं तर काकी, हातात कंदील, केस सुटलेले, संतापाने लाल.

"अरे बाबा, इतल्या फांतोडेर सुरुंग? तुमकां वेळकाळ कांय आसा काय ना?"

"काकी, मी हय असंय. घरात."

"तूं हांगा आसा तें म्हाका दिसता. पूण लायलो कोणें?"

हे लुंगीवर त्यांच्यासमोर उभे होते आणि त्या त्यांनाच विचारत होत्या की सुरुंग का लावला. त्यांच्यामागे वाड्यावरची आणखी माणसं कंदील घेऊन आली. सगळ्यांची तक्रार तीच. कोणी म्हणालं, रात्रपाळी सुरू केली तर सांगायला नको का. कोणी म्हणालं, भोंगाही दिला नाही. जगात दुसरीकडे लोक भूकंप झाला म्हणून घराबाहेर पळाले असतील. आमचा गाव खाणीच्या माणसाला जाब विचारायला पळाला. हे शांतपणे प्रत्येकाला सांगत राहिले की हा भूकंप आहे. कोणाचा विश्वास बसला नाही. शेवटी पोदेर पाव घेऊन आला आणि म्हणाला की खाण नसलेल्या गावातसुद्धा भांडी पडली, तेव्हा माणसं घरी गेली.

सकाळी रेडिओवर कोयनेचं नाव आलं. मी शाळेत गेले, कपाटातला नकाशा काढला. ट्रेनिंगच्या पुस्तकात एक आडाखा दिला होता, की पहिल्या आणि दुसऱ्या हादऱ्यात जितके सेकंद जातात त्यांना पाचाने गुणलं की साधारण तितके मैल लांब भूकंप झाला. पंचवीस पंचे सव्वाशे. नकाशाच्या मापाने सव्वाशे मैलांचा दोरा कापला, एक टोक डिचोलीवर धरलं आणि दुसरं उत्तरेला फिरवलं. ते कोयनेपाशी गेलं. मी दोरा तसाच धरून बराच वेळ उभी राहिले. माझा नवरा चटईवर बसून, नुसत्या तळपायांनी, हे सांगू शकला होता. त्या दिवशी मला त्याचा जो अभिमान वाटला तो मी कोणाला बोलून दाखवला नाही. त्यालाही नाही. घरी जाऊन फक्त सांगितलं, "तुमचं मोजणं बरोबर आलं." हे म्हणाले, "बरां."

नंतरच्या दिवसांत कोयनेकडच्या बातम्या येत गेल्या, गेलेल्या माणसांच्या, सपाट झालेल्या गावांच्या. काकींनी त्या वाचून घेतल्या आणि दोन दिवस मासळी शिजवली नाही. आमच्याकडे माणूस कोणी दगावलं नाही, पण घरं तपासताना चार-पाच घरांत भिंतींना चिरा निघाल्या. काकींच्याही. मधल्या खोलीत, गणपतीच्याच भिंतीला, छपराजवळून तिरपी खाली आलेली. खाणीवरच्या कचेरीने सांगितलं, निसर्गाचा कोप, कोणाचा इलाज नाही. गावाने मान डोलावली. कोयनेचं ऐकल्यावर चार चिरांचं काय घेऊन बसायचं असं सगळ्यांनाच वाटत होतं.

आता माझा शहाणपणा सांगते.

भूकंपानंतर वर्गात दुसरा विषयच चालेना. मुलं विचारत, बाई, बघितल्याशिवाय आतलं कसं कळतं? मला वाटलं, मुलांना डोळ्यांनी दाखवावं. काकी त्या दिवशी डिचोलीच्या बाजाराला गेल्या होत्या. मी चौथीची बावीस मुलं घेऊन घरी आले आणि त्यांना भिंतीसमोर उभं केलं. ती चीर मीही तोवर नीट पाहिली नव्हती. स्टूल घेऊन वर चढले, बॅटरी लावली आणि आत पाहिलं. आत निळं होतं.

मी आनंदाने स्टुलावरच वळले. "बघा," मी मुलांना म्हटलं, "चिरेच्या आत नीळ आहे. म्हणजे काय?" एक मुलगी म्हणाली, चुना आत गेला. "चुना कधी काढला?" सगळे एका सुरात, चवथीला. "आणि भूकंप?" आता, डिसेंबरात. "मग चुना आत कसा जाईल?" मग एकेकाच्या चेहऱ्यावर ते उगवायला लागलं. मास्तरकी करणाऱ्यांना ठाऊक असेल, त्या क्षणासाठी माणूस पगार नसतानाही काम करेल. मी त्यांना पुढे दाखवलं की कोनाड्यापर्यंतची चीर आतून निळी आहे आणि कोनाड्याखालची वीतभर आतून लाल, कच्च्या मातीची. म्हणजे वरची चीर चवथीच्या आधीची, भूकंपाने तिला फक्त पुन्हा उघडलं आणि खाली वाढवलं. मुलांना उचलून उचलून आत बघायला लावलं. भिंत आपणहून बोलत नाही, मी म्हटलं, आपण तिला नीट प्रश्न विचारायचा असतो.

मागून एका मुलीने हात वर केला. "बाई, मग भूकंप जावचे आदीं भिंत कोणें फोडली?"

बॅटरी माझ्या हातातच होती. बावीस मुलं माझ्याकडे बघत होती आणि त्यांतल्या निम्म्यांना उत्तर माझ्याआधी आलं होतं, कारण ती खाणीच्या गावातली मुलं. आमच्या गावात भूकंपाशिवाय भिंत फोडणारी एकच गोष्ट होती, आणि ती कोणाच्या हातून व्हायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, चला, घंटा होईल.

संध्याकाळपर्यंत ती निळी चीर घरोघरी पोचली. बाकीच्या घरांतल्या माणसांनीही चिरांत बॅटऱ्या घातल्या. पंचायतीने कचेरीला कळवलं की कोप निसर्गाचा की खाणीचा ते नीट बघून जा. कचेरीने सांगितलं, तीन दिवसांनी इंजिनियर येतील. चीर सुरुंगाची ठरली तर भोकं भरणाऱ्याचा परवाना जाणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पाट्या वाहण्यापासून सुरू झालेली इतकी वर्षं मी एका तासाच्या पाठात उधळून टाकली होती, तीही स्टुलावर चढून, हौसेने.

त्या तीन दिवसांत मी ह्यांना दोनच प्रश्न विचारले. मी विचारलं, रागावलात? तर म्हणाले, "नाय." मी विचारलं, चीर तुमच्या सुरुंगाची आहे का? तर उठून पाणी प्यायला गेले. काकीही माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांच्या भिंतीत न विचारता बॅटरी घातल्याचा राग असेल असं मी समजले. खाणीवर नवरा नसला तर आपल्या एका पगारात कसंबसं भागेल, असा विचार मी करून बघितला, आणि मग लक्षात आलं की पगाराची मला भीती नव्हतीच. हा माणूस त्या कामाशिवाय कसा दिसेल ते मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं.

इंजिनियर तरुण होते, पणजीहून आलेले, सभ्य. पंचायतीची दोन माणसं सोबत. मधल्या खोलीत काकी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, चीर त्यांच्या डोक्यामागे.

"ही चीर भुंयकापाची," त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "घर म्हजें, भिंत म्हजी. चवथीक म्हजे भिंतीक कांयच नाशिल्लें."

इंजिनियरनी त्यांना हळूच बाजूला व्हायला सांगितलं. स्टूल घेतलं, बॅटरी लावली. त्याच माझ्या स्टुलावर ते चढले. खाली उतरून हात झटकले आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिक्षिका. तुमच्या मुलांनी गावभर सांगितलंय की चीर जुनी आहे. या म्हणतात नवी. तुम्हीच सांगा, खरं काय?"

मी तोंड उघडलं. आज इतक्या वर्षांनी खरं सांगून टाकते, मी खोटंच बोलणार होते. मुलांना समजण्यात चूक झाली असं काहीतरी जिभेवर तयार होतं. बावीस मुलांसमोर जे शिकवलं ते मी एका दमात पुसून टाकणार होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

"पोरांनी सांगितला ताच खरा," हे म्हणाले. दाराशी उभे होते. "चीर मे म्हयन्यातली. शिरगावची जत्रा झाल्यार धा दिवसांनी. त्या दिवशी मी भोकांत कांड्यो जास्ती भरलंय."

"किती जास्त?"

ह्यांनी आकडा सांगितला. इंजिनियरनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "इतक्या? कोणी भरायला सांगितल्या?"

मला ते दिवस आठवले. पावसाळा तोंडावर, मुरगावला बोट लागलेली, माल पोचवायची घाई. ह्यांनी आपल्या मनाने सुरुंगाच्या दारूची एक कांडी जास्त भरली नसती. इंजिनियरही पेन धरून थांबले होते, एक नाव सांगितलं असतं तर भार वाटला गेला असता.

"भरलंय मी," हे म्हणाले. "हात माझो."

इंजिनियरनी कागदावर लिहिलं की वरची चीर जुनी, सुरुंगाची, खालची वीतभर नवी, भूकंपाची. माझ्याच पाठातलं वाक्य. भिंत दुरुस्त करून देण्याचं लिहिलं. मग म्हणाले, परवाना उद्या कचेरीत जमा करा. हे आत गेले, ट्रंक उघडली आणि परवाना आणून तिथेच त्यांच्या हातात दिला. उद्यापर्यंत थांबले नाहीत.

माणसं गेल्यावर काकी माझ्यावर तुटून पडल्या. "तुज्या त्या भुरग्यांक वयर उखलून उखलून दाखयलें न्हय? नीळ भितर इतली कशी पावली तें विचारलें तुवें? हांवें घाली. चार फावटी कुंचलो मारलो थंय, चीर बुजची म्हणून. ताच्या दोळ्यांक पडची न्हय म्हणून."

त्यांना मे महिन्यापासून ठाऊक होतं. चीर कोणाची हे ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी ती चुन्याने बुजवली, ह्यांना दिसू नये, वाईट वाटू नये म्हणून. पुडीभर नीळ का घातली होती तेही आता कळलं, नुसत्या पांढऱ्याखाली चीर दिसत राहिली असती. आणि मी त्यांना ढग काढायला सांगत होते.

परवाना परत मिळायला दोन पावसाळे जावे लागले. तोवर हे नदीकाठच्या धक्क्यावर उभे राहून खनिजाच्या बार्जी भरून घ्यायचं काम करत होते. दुपारचा भोंगा झाला की माझ्या वर्गातली मुलं दौतींवर हात ठेवत आणि माझ्याकडे बघत नसत. कोणी शिकवल्याशिवाय त्यांनी ते ठरवलं होतं. पण हे सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना मागच्या खोलीत गाठलं. म्हटलं, "माझ्यामुळे गेला तुमचा परवाना."

"तुझ्यामुळे नाय गो."

"मी मुलांना आणलं नसतं तर..."

"मे म्हयन्यापासून मी त्या भिंतीक पाठ करून जेवतंय," हे म्हणाले. "तुका कळाक नाय?"

मला कळलं नव्हतं. रोज रात्री मी त्यांच्यासमोर बसत होते. पूर्वी ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, कारण काकी तिकडून वाढत. कधीतरी त्यांनी जागा बदलली आणि मी माझा पाट उचलून त्यांच्यासमोर सरकवला, उन्हाळ्यात वारा इकडून येत असेल असं मनाशी म्हणून. त्यानंतर सात महिने त्यांच्या खांद्यावरून ती भिंत मला दिसत होती, आणि त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी एकदाही विचारलं नाही. चार हजार मैल खाली काय आहे ते मी गावाला सांगत होते. मी रडले, अगदी मोठ्याने, काकींना ऐकू जाईल असं. ह्यांनी थोडा वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग काकींनी जेवायला हाक मारली. हे उठले, माझ्या जागेवरचा पाट ओढून भिंतीकडे तोंड करून बसले आणि चिरेकडे बघत बघत जेवले. भात दोनदा मागून घेतला.